लाभ, एक, दोन

"दाराचं काय करता, लटारूभाऊ? ते सांगा आधी. मंग मी भितीले हात लावतो."

चैतू गवंडी ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत उभा होता. घरामागच्या सांदवाडीत, अळूच्या वाफ्याशेजारी, न्हाणीचा पाया भरून झाला होता. विटांचा पहिला थर सकाळच्या दवानं काळपट दिसत होता. लटारू त्या थराच्या कडेला उकिडवा बसला होता आणि त्याच्यापुढे, सारवलेल्या जागेवर, चिंचोक्यांचे चार ढीग होते. एक विटांचा, एक चुन्याचा, एक छपराच्या कवेलूंचा, एक चैतूच्या मजुरीचा. चिंचोका म्हणजे रुपया. पाचव्या जागी बोटानं काढलेलं नुसतं रिंगण होतं. आत काही नव्हतं.

"दार म्हनजे," लटारू त्या रिंगणाकडे बघत म्हणाला, "सध्या बांबूचा टट्टाच टांगला तं?"

"टट्टाच टांगाचा होता तं विटा कायले आणल्या? जुना होता तो काय वाईट होता?"

"तसं नाई रे बाप्पा. दार होईन. पन सुताराले रोख पाह्यजे." लटारूनं कवेलूंच्या ढिगातले काही चिंचोके उचलून रिंगणात टाकले. "कवेलू नवे नाई घेत. कोठ्यावरचेच काढतो. गाय राहीन हिवाळाभर उघड्यावर."

"गाय उघडी अन् तुमी न्हाणीत," चैतू म्हणाला. "शाप देईन ते तुमाले."

"देऊ दे. तरी दाराइतकं नाईच भरत."

मनकर्णा काळ्या चहाचे दोन पेले घेऊन मागच्या दारातून आली. तिनं पेले ठेवले आणि रिंगणातले ते थोडेसे चिंचोके पाहिले. मग म्हणाली, "अन् कडी आतून पाह्यजे."

"आतून?" चैतू हसला. "वयनी, कडी बाहेरून लावतेत. कुत्रं-मांजर शिरू नाई म्हनून. आतून तं देवघराले बी नसते."

"देवाले आंघोळ घालतानी पुजारी पडदा धरते ना, चैतूभाऊ? माह्या लेकीले कोन पडदा धरन?"

चैतूनं चहाचा घोट घेतला आणि लटारूकडे पाहिलं. लटारू म्हणाला, "आतून कडी. धर तेही हिशेबात. दार पुढच्या महिन्यात करू. मिल जोरात हाये, नवा धान येऊन राह्यला. महिन्याभराची मापाई हातात पडली का सुताराले देतो. तवरोक तू भीत चढव सावकाश."

"पुढच्या महिन्यात तं पुढच्या महिन्यात. मले काय," चैतू म्हणाला आणि त्यानं थापी उचलली.

लटारू मूल गावातल्या एका राइसमिलमध्ये मापारी होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचं धान मोजलं. सकाळी अंगात बंडी घालून धानाच्या राशीसमोर बसायचं, मापाचा लोखंडी कुडो भरायचा, वरून हात फिरवून सपाट करायचा, पोत्यात ओतायचा आणि मोठ्यानं आकडा बोलायचा. शेतकरी एका बाजूला, मिलचा मुनीम दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचाही विश्वास लटारूच्या गळ्यावर. गळा होताही तसाच. देवळात कीर्तनाला मागच्या रांगेत झांज घेऊन उभा राहिला की बुवांचा अभंग तो अलगद उचलून धरायचा, आणि बुवा कधी कधी निरूपण थांबवून मागं वळून पाहायचे.

मापाऱ्याच्या तोंडी 'एक' हा शब्द येत नाही. लक्ष्मी मोजताना एक म्हणायचं नसतं. पहिला कुडो पडला की म्हणायचं 'लाभ'. मग दोन, तीन, चार. लटारूच्या बापानं त्याला हे शिकवलं होतं आणि लग्न झाल्यावर लटारूनं कौतुकानं ते मनकर्णाला शिकवलं. ती तेव्हा परकर सोडून लुगड्यात आली होती नुकती. तिनं मनापासून ऐकलं आणि तिला ते इतकं पटलं, की तिनं त्याचा आपल्यापुरता एक अर्थ लावून टाकला. पहिलं ते लाभ, म्हणजे देवाचं. देवाचं ते मोजायचं नाही. आपली मोजणी त्याच्यापुढं सुरू. म्हणून ती भाकरी थापायला बसली की म्हणायची, "लाभ, एक, दोन, तीन, चार." चौघांच्या घरात टोपल्यात रोज पाच भाकरी. वरची भाकर कधी बैराग्याच्या झोळीत गेली, कधी मोहर्लीकडून मोह विकायला आलेल्या म्हातारीच्या पदरात, कधी गाईच्या तोंडात.

लटारूला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मापाऱ्याच्या कानाला चुकलेला आकडा लागतोच. पण त्यानं तिला कधी सांगितलं नाही. त्याला ते गोड वाटायचं. पुढं एक लेक सोडून लेकरं राहिली नाहीत, लटारूची आई गेली, चंदाचं लग्न होऊन घरात दोघंच उरली, तरी टोपल्यात एक भाकर वरची असायची. दाराशी आलेला माणूस या घरातून उपाशी गेला नाही तो या चुकीमुळं, असं लटारू मनात म्हणायचा, आणि चूक तशीच राहू द्यायचा.

न्हाणीची गोष्ट निघाली ती चंदाच्या लग्नातच. तोवर या घराला न्हाणी म्हणजे सांदवाडीतला एक सपाट दगड आणि त्याच्या तीन बाजूंनी बांबूचा टट्टा. चौथ्या बाजूला अळू. मनकर्णा या घरात आली तेव्हापासून उजाडायच्या आत तिथं आंघोळ करायची. हिवाळ्यात दात वाजायचे. पण अंधार हाच तिचा चौथा टट्टा होता. तक्रार कुणाकडं करायची? साऱ्या गल्लीच्या बायका तशाच न्हात होत्या.

लग्नात चांद्याहून वरात आली. चंदाच्या सासूबाई, इंदुताई, शहरातल्या. त्यांच्या घरी फरशीची मोरी आणि दाराचं न्हाणीघर. त्या आपल्या उजाडल्यावर उठल्या आणि टट्ट्यामागं आंघोळीला बसल्या. शेजारची कालवड सुटून आली, टट्ट्याला अंग घासत राहिली आणि टट्टा उभाच्या उभा कोसळला. मांडवात वऱ्हाडी दातवण करत होते. इंदुताईंनी कसंबसं ओलं लुगडं ओढून घेतलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त त्या दिवशी त्या या घरात जेवल्या नाहीत.

पुढं चंदाला दिवस गेल्याचा निरोप वटपुनवेला आला, तेव्हा त्यासोबत व्याह्यांचा, गुणवंतरावांचाही निरोप होता. माणूस गोड बोलणारा, पण बोलणं सरळ. 'लेक तुमची, पहिलं बाळंतपण तुमचंच. पण बाळंतिणीची आंघोळ उघड्यावर नको. बंद न्हाणी बांधा आणि सातव्यात घेऊन जा.' लटारूला ते लागलं. पुढं चांद्याच्या बाजारात गुणवंतराव भेटले, तेव्हा चार माणसांदेखत तो बोलून गेला, "व्याहीबुवा, न्हाणीले दार लागल्याशिवाय मी तुमच्या दारात उभा राहनार नाई."

मापाऱ्यानं आकडा बोलला की तो मागं घेता येत नाही. दिलेल्या शब्दाचंही लटारू तसंच धरायचा.

आता खर्चाचा मेळ तर पाहायचाच होता, आणि तो रिंगणावर येऊन अडत होता. तसा घरात आणखी पैसा होता. देव्हाऱ्याखाली हळदीच्या फडक्यात त्याची गाठ बांधलेली होती. पण ते पैसे घरचे नव्हतेच. गावातल्या दत्ताच्या देवळात दरसाल दत्तजयंतीला कीर्तन व्हायचं आणि बुवांची बिदागी, शिधा, उतरायची सोय एकेका घरानं पाळीनं करायची. यंदा पहिल्यांदाच पाळी लटारूच्या घरी आली होती. त्यासाठी त्यानं दोन वर्षं विडी सोडली होती. त्या गाठीला तो 'बुवांचे' म्हणायचा आणि देव्हाऱ्यापुढं हात जोडताना ते हात त्या गाठीलाही जोडले जायचे.

चहा झाला. चैतू विटांना पाणी मारू लागला. लटारूला पुढच्या महिन्याची मापाई रिंगणात मांडून पाहायची होती, पण चिंचोके संपले. तो घरात गेला. मधल्या भिंतीतल्या देवळीत, कुंकवाच्या करंड्यामागं, त्याला ओळीनं मांडलेले थोडे चिंचोके दिसले. त्यानं हात घातला.

"त्याले हात नका लावू," मनकर्णा चुलीपासून म्हणाली. "ते चंदाचे महिने हायत."

"महिने?"

"निरोप आला तवा एक महिना सरला होता ना? तवा पयला ठेवला. मंग दर पुनवेले एकेक."

लटारूला हसू आलं. कौतुकानं त्यानं ते चिंचोके, जागचे न हलवता, बोटानं मोजले. सवयीनं मोठ्यानंच मोजले. "लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा."

"पाच," मनकर्णा म्हणाली.

"सहा हायत."

"पाच. पयला लाभाचा. तो देवाचा." तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि जवळ आली. "लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच. पाच सरले, सहावा चालू हाये. येत्या पुनवेले सहा भरतीन. मंग सातवा लागन, तवा आनाची लेकीले. अजून महिना हाये आपल्या हाती."

लटारूचं बोट शेवटच्या चिंचोक्यावर तसंच राहिलं. बाहेर चैतूची थापी विटेवर वाजत होती.

"चंदाची माय," तो हळू म्हणाला, "लाभ म्हनजेच एक."

"काय म्हनता?"

"लाभ म्हनजे एक. तो मोजाचाच असते. फक्त बोलाचा नसते. सहा महिने सरले, बाई. सातवा चालू हाये. येत्या पुनवेले सातवा भरते."

मनकर्णा देवळीकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले. ती मनात मोजत होती, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी पहिल्या चिंचोक्यापाशी येऊन अडखळत होती.

"पुनव तं चार दिसावर हाये," ती म्हणाली.

"हो."

"अन् आठव्यात पोरीले हालवत नाईत."

"नाई हालवत."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "मंग आत्ताच निघा. छोटी रेलगाडी दुपारची हाये. हात जोडा अन् घेऊन या. न्हाणीचं मागून पाहू."

"दार कुठी हाये?"

"दाराले आग लागो."

"चार मानसांत बोललो मी. दार लागल्याशिवाय उभा राहनार नाई म्हनून. अन् आनली समजा, तं तिची सासू काय म्हनन? पुन्हा टट्ट्याच्या आडच नेली म्हनन. कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"तुमचं तोंड राहू द्या. माही लेक पाहा."

मनकर्णा उठली, चुलीपाशी गेली. उरलेलं पीठ तिनं थापायला घेतलं. रोजच्यासारखं ती मोजू लागली, पण आवाज रोजचा नव्हता. "एक," ती म्हणाली. "दोन." मग परात बाजूला सारली. त्या दिवशी टोपल्यात दोघांच्या दोनच भाकरी होत्या.

लटारूला ते दिसलं. आजवर ज्या चुकीला तो मनात कुरवाळत आला, ती अशी उलटली होती आणि मनकर्णानं ती एका क्षणात दुरुस्तही केली होती. पाण्याच्या घोटासोबत त्यानं भाकर उतरवली आणि बाहेर जाऊन चैतूला म्हणाला, "पुनवेच्या आत न्हाणी उभी पाह्यजे. दारासगट."

"पुनवेच्या आत?" चैतूनं थापी ठेवली. "सकाळी पुढचा महिना म्हनत होते. अंगात काई संचारलं का, भाऊ?"

"होते का नाई ते सांग."

"भीत होईन. आणखी एक माणूस लावतो. दार सुताराकडं तयार हाये एक, गोदामासाठी केलेलं, गिऱ्हाईक फिरलं. पन तो रोख मागन. माह्या मानसाचे बी रोख द्या लागन."

पुढच्या महिन्याची मापाई पुढच्या महिन्यातच मिळणार होती. आणि पुढचा महिना हातातून गेला होता. लटारूनं रिंगणाकडं पाहिलं. त्यात टाकायला घरात एकच गाठ होती.

तिन्हीसांजेला तो देवळात गेला. दत्ताच्या देवळाची व्यवस्था मुखरूभाऊंकडं. सत्तरीचे, खणखणीत आवाजाचे, देवाच्या कामात सुईभर इकडचं तिकडं न चालवून घेणारे. ते समईची वात सारत होते.

"ये लटारू. बुवांचं पत्र आलं. पुनवेच्या दुपारच्या गाडीनं येतेत. तुह्या घरी पाट मांडून ठेव. बुवाले वांग्याची भाजी आवडते, तुह्या बायकोले सांग."

"मुखरूभाऊ, यंदा माही पाळी दुसऱ्याले द्या."

मुखरूभाऊंनी वात सोडून मान वर केली. "काऊन? घरात सुतक हाये?"

"सुतक नाई. पैसा नाई."

"मागच्या हप्त्यात तं तुले गाठ बांधून ठेवली म्हनत होता."

"ते लागून राह्यले."

"कायले?"

लटारूनं खाली पाहिलं. "न्हाणीच्या दाराले."

देवळाच्या पायरीवर दोघं-तिघं बसले होते. त्यातला एक जण म्हणाला, "ऐका. देवाच्या पैशात आता लोक आंघोळी करून राह्यले." बाकीचे हसले. मुखरूभाऊ हसले नाहीत, आणि ते जास्त जड होतं.

"लटारू, माह्या वडलाच्या वेळेपासून पाळी कोनी टाकली नाई. कोनी गहान ठेवलं, कोनी उसनं घेतलं, पन बुवाले रिकाम्या हातानं जाऊ देल्लं नाई. अन् तू, झांजवाला, तू टाकतं? मोरीसाठी?"

लटारूला तीन वर्षांपूर्वीचं कीर्तन आठवलं. ह्याच देवळापुढच्या मांडवात. बुवांनी उत्तररंगाला विदुराघरचं आख्यान लावलं होतं. देव दारात येऊन हाक मारतो. विदुराची बायको आंघोळीला बसलेली. हाक ऐकून तिला देहाचं भान राहत नाही, ती तशीच धावत बाहेर येते, आणि देव आपला शेला तिच्या अंगावर टाकतो. बुवा गहिवरले, मांडव गहिवरला. घरी जाताना मनकर्णा म्हणाली होती, 'तिच्या न्हाणीले दार नसन का वो? असतं तं देवाले आपला शेला काढा नसता लागला.' तो तेव्हा पोट धरून हसला होता.

"मुखरूभाऊ," तो म्हणाला, "विदुराच्या बायकोवर देवानं शेला टाकला. तो शेला माह्याकडं नाई. माही लेक बाळंत होनार हाये. दार तेवढं घेऊ द्या मले."

पायरीवरचं हसणं थांबलं. मुखरूभाऊंनी पुन्हा समईकडं तोंड केलं.

"बुवाचं मी पाहतो," ते वातीला म्हणाले. "पन ध्यानात ठेव. पाळी आता साऱ्या गावात फिरून येईन, तवा येईन. तुह्या जलमात येते का नाई, मले सांगता नाई येत."

"ठावं हाये मले," लटारू म्हणाला आणि देवाला बाहेरूनच हात जोडून निघाला.

पुढचे दिवस कसे गेले ते त्या घराला समजलं नाही. लटारू मिलमधून येऊन विटा वाहायचा. मनकर्णा चुना कालवायची. दोघं कामापुरतं बोलायची. तिचं एकच चालू होतं, "आज जाता का?" आणि त्याचं एकच, "दार लागू दे." चंदाच्या नावानं दोघांचाही आवाज चढायचा आणि चैतूला पाहून खाली यायचा. चैतू काही विचारत नव्हता. कोठ्यावरचे कवेलू उतरवताना त्यानं गाईसाठी तोच जुना टट्टा वर टाकून दिला आणि त्याची मजुरी लावली नाही.

पुनवेच्या दिवशी सुतारानं दार दिलं ते दिवे लागायच्या सुमारास. गोदामाचं दार, न्हाणीपेक्षा वीतभर मोठं. कापावं लागलं. लटारू ते खांद्यानं रेटून धरून उभा राहिला आणि चैतू कंदिलाच्या उजेडात बिजागरीचे खिळे ठोकू लागला. तेवढ्यात देवळाकडून मृदंग ऐकू आला. मग झांजा. मागच्या रांगेत आज कुणीतरी दुसरा होता, आणि तो ताल ओढत होता. लटारूचे हात दाराला गुंतलेले होते. बोटं मात्र फळीवर हलत होती, जिथं ताल मागं पडत होता तिथं पुढं सरकवत.

"भाऊ, दार हालवू नका," चैतू म्हणाला. "खिळा वाकडा जाते."

लटारूनं बोटं घट्ट धरली.

कडी चैतूनं आतून लावली. एकदा लावून पाहिली, एकदा काढून पाहिली. पूर्वेला चंद्र टेकडीएवढा वर आला होता.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या छोट्या गाडीनं लटारू चांद्याला गेला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात मनकर्णानं दिलेली डिंकाच्या लाडवांची पुरचुंडी. निघताना ती म्हणाली होती, "मी पानी तापवून ठेवते. पोरगी थकून येईन. पयली आंघोळ तिची."

दार इंदुताईंनी उघडलं. त्यांनी त्याला पाहिलं, पदर सावरला आणि बसायला सतरंजी टाकली.

"न्हाणीले दार लागलं, व्याहीणबाई," लटारू बसायच्या आधीच म्हणाला. "आतून कडी हाये. पोरीले न्यायले आलो."

गुणवंतराव आतल्या खोलीतून आले. त्यांनी बायकोकडं पाहिलं. इंदुताई खांबाला धरून उभ्या होत्या.

"काल यायचं होतं, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "आम्ही तं महिनाभर वाट पाहून राह्यलो होतो. रोज चंदाचं लुगड्यांचं गाठोडं बांधून तयार. काल संध्याकाळी पुनव लागली, तवा सोडलं मी ते गाठोडं."

"एका दिवसाचं काय, व्याहीणबाई. लहानशी गाडी, दोन-तीन घंट्याचा रस्ता."

"माहं पहिलं लेकरू आठव्यातच गेलं. बैलगाडीत. माहेरच्या वाटेवर." त्यांचा आवाज चढला नाही. "मी कोनाच्या लेकीले आठव्यात पाठवनार नाई. तुमी मले काईही म्हना."

लटारू सतरंजीवर बसला.

"मंग नवव्यात?" त्यानं विचारलं, पण त्यालाच ते खरं वाटलं नाही.

"नवव्यात आता हालवून काय करता? इथीच होऊ द्या. पन माय पाह्यजे तिले. व्याहीणबाईले पाठवा. माह्या घरी राहू द्या, पाह्यजे तितके दिवस." मग त्या म्हणाल्या, "इतका उशीर काऊन केला तुमी? आमाले वाटलं, न्हाणीचं बोललो ते तुमाले लागलं. म्हनून नाई आले."

लटारूला देवळीतली ती ओळ दिसली. आणि पहिल्या चिंचोक्यावर थांबलेले मनकर्णाचे ओठ दिसले.

"दाराले उशीर झाला," तो म्हणाला. "माहाच हट्ट."

चंदा आतल्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली सावली. बापाच्या हातातून तिनं पुरचुंडी घेतली.

"बाबा, खरंच आतून कडी हाये?"

"हाये."

"आतून?"

"आतून, बाई. चैतूनं लावून दाखवली."

ती हसली आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

लटारू परतला तेव्हा ऊन कलायचं होतं. सांदवाडीत चुलाण पेटलेलं होतं, त्यावर पितळी गुंडात पाणी कढत होतं. न्हाणीत हळदीची वाटी, शिकेकाई, घडी केलेलं नवं लुगडं मांडून ठेवलेलं. मनकर्णा चुलाणापाशी बसली होती. तिनं त्याच्या मागं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"आठवा लागला," लटारू म्हणाला.

तिनं जळतं लाकूड थोडं मागं ओढलं.

"तुले बोलावलं हाये तिकडं. बाळंतपनाले. इंदुताई म्हने, माय पाह्यजे तिले."

"माही चूक सांगतली का त्याहीले?"

"दाराले उशीर झाला म्हनलो."

पाण्यावर वाफ धरली होती. ती म्हणाली, "एवढं पानी. उद्या भांड्याले येईन."

"भांड्याले कायले? तू घे न्हाऊन."

"आता? उजेडात?"

"दार हाये ना."

मनकर्णानं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा शेजारच्या वाडीकडं. मग पदर खोचून तिनं गुंड उचलला. लटारू पुढं झाला आणि त्यानं दुसरा कान धरला. दोघांनी पाणी आत नेऊन गंगाळात ओतलं. तो बाहेर आला. दार लागलं. कडी लागल्याचा आवाज झाला, आतून.

लटारू विटांच्या उरलेल्या तुकड्यांवर बसला. सवय झालेली नव्हती तिला. ती कितीतरी वेळ नुसतीच बसली असावी. मग पाण्यात लोटा बुडाला आणि पहिला लोटा अंगावर पडला. नव्या मोरीतून पाणी अळूकडं आलं, उन्हात चमकत.

"लाभ," लटारू स्वतःशी म्हणाला.

दुसरा लोटा पडायला वेळ लागला. तिला आज घाई नव्हती. तो पडला तेव्हा लटारूच्या जिभेवर जन्मभराच्या सवयीचा 'दोन' आला होता. तो त्यानं गिळला.

"एक," तो म्हणाला.